आंब्याच्या तालुक्यात मेंदूची तपासणी

कोलार जिल्ह्यातलं श्रीनिवासपूर आंब्यांसाठी ओळखलं जातं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातलं ‘सेंटर फॉर ब्रेन रिसर्च’ २०१८ पासून तिथल्या खेड्यांतल्या पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसांचा मागोवा घेतंय. रक्त, स्मरणशक्ती, मेंदूचा एमआरआय, सगळं वर्षानुवर्षं तपासायचं. उद्दिष्ट १०,००० जणांचं. विसरभोळेपणा दिसण्याआधीच मेंदूत काय बिघडतं, ते संशोधकांना शोधायचंय.

बिघाड बऱ्याचदा रक्ताच्या नळ्यांत असतो. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण प्राणवायू तो सुमारे २० टक्के ओढतो. हा प्राणवायू पोचवणाऱ्या खोलवरच्या धमन्या केसापेक्षा थोड्याच जाड. रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला की त्यांच्या भिंती ताठरतात आणि पलीकडच्या पेशी उपाशी पडतात. दुखत काहीच नाही, हीच खरी पंचाईत. म्हणून चाळिशीनंतर रक्तदाब मोजणं हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त उपाय. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, दंड छातीच्या पातळीवर ठेवून. गप्पा मारत घेतलेला आकडा फुगतो. ताटातलं लोणचं-पापड आवरायचं, तंबाखू सोडायची, रोज दम लागेल इतपत भरभर चालायचं. बंगळुरूच्या कब्बन पार्कात रमतगमत फेरी मारून थेट डोशाच्या रांगेत उभं राहणाऱ्यांनी रागावू नये.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी १४ कारणं मांडली; ती सगळी टाळली तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल. त्या यादीत कमी ऐकू येणंही आहे, आणि श्रवणयंत्राला आपल्याकडे चष्म्याइतका मान अजून नाही.