पायाखाली चुनखडी, फळात तुटवडा

येरमाळ्याची चैत्री यात्रा पाहिलेल्यांना चुनखडी काय असते ते वेगळं सांगायला नको. येडेश्वरीची पालखी आमराईकडे निघते आणि भाविक रानात वाकून पांढरे खडे वेचतात. हा खडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या केमिस्ट्रीच्या पुस्तकातलं. म्हणजे इथल्या मातीत कॅल्शियमला तोटा नाही. तरीही टोमॅटोचं बूड काळं पडतं आणि दुकानदार म्हणतो, "कॅल्शियम कमी पडलंय, ही बाटली फवारा." त्याचं खरं मानायचं का?

निम्मं. कॅल्शियम मुळातून पाण्याबरोबर वर चढतं आणि जिथून पाण्याची वाफ जास्त होते तिथे, म्हणजे पानांत जाऊन बसतं. फळातून वाफ कमीच होते, मग त्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. बरं, पानात बसलेलं कॅल्शियम पुन्हा फळाकडे जवळजवळ येतच नाही. सफरचंदवाल्यांना याचा मोठा फटका बसतो. फळावर तपकिरी, कडवट खड्डे पडतात, त्याला 'बिटर पिट' म्हणतात. कधी कधी ते तोडणीनंतर, साठवणीत उमटतात. माल विकायच्या वेळीच! म्हणून फळ वाढत असताना ते कॅल्शियमच्या बऱ्याच फवारण्या घेतात, आणि त्या थेट फळावर. नुसती पानं ओली करून उपयोग नाही.

सफरचंद म्हणजे काश्मीर, हे आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. हिमाचलमधल्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांनी कमी थंडीत येणारी 'एचआरएमएन-९९' ही जात तयार केली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. महाराष्ट्रातही काहींनी ती लावून पाहिली आहे. तुमच्या घरी असा विचार चालू असेल तर रोपांच्या किमतीबरोबर हे कॅल्शियमचं गणितही घरच्यांच्या कानावर घाला. टोमॅटोला मात्र फवारणीपेक्षा पाण्याच्या पाळ्या नियमित ठेवल्याचा फायदा जास्त.

आपल्याकडे फवारणी खरी कामाला येते ती लोह आणि जस्तासाठी. चुनखडीच्या जमिनीत ही दोन्ही असली तरी मुळांना सहजी मिळत नाहीत. सोयाबीनची कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं की बहुतेक लोहाचाच प्रश्न असतो. यांची गरज इतकी थोडी की पानातून दिलेलंही पुरतं.

नत्राचं तसं नाही. एकरी २०० लिटर पाण्यात १ टक्का युरिया म्हणजे २ किलो युरिया, त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे जेमतेम ९२० ग्रॅम. ४५ किलोच्या एका गोणीत २० किलोंवर नत्र असतं. तेव्हा "एका फवारणीत खताची गोणी वाचवा" असा फॉरवर्ड आला की आधी मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडायचा.

आणि एकाच पंपात सगळं ओतायची घाई नको. 'शून्य बावन्न चौतीस'मध्ये कॅल्शियम नायट्रेट टाकलं की फॉस्फेट आणि कॅल्शियम एकमेकांना धरतात, पांढरा साका खाली बसतो, नोझल तुंबतं. पैसेही साक्यातच गेले. पंप भरण्याआधी ज्या प्रमाणात फवारणार त्याच प्रमाणात दोन्ही एका काचेच्या ग्लासात मिसळून थोडा वेळ ठेवा. गढूळ झालं तर वेगवेगळ्या दिवशी फवारायचं. भर उन्हात तर नकोच. थेंब पानावर वाळतो, क्षार घट्ट होतात आणि पानाच्या कडा करपतात. संध्याकाळ बरी.

नक्की काय कमी आहे हे नुसत्या डोळ्यांनी दर वेळी कळत नाही. माती आणि पान तपासून घेतलेलं चांगलं. तुळजापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे आधी विचारा. सुट्टीला घरी गेलात की नमुना काढायचं काम तुम्हीच अंगावर घ्या, वडिलांना हंगामात सवड नसते.