उपसूचनेसह मंजूर

सर्वसाधारण सभेच्या दिवशी निगडीच्या टिळक चौकातून बस धरून पिंपरीला महापालिका भवनात जावं आणि प्रेक्षक गॅलरीत बसावं. शहराचे नियम कसे होतात, ते तिथे दिसतं.

नगरसचिव विषय वाचतात. एक सदस्य सूचना मांडतो, दुसरा अनुमोदन देतो. मग एखादी उपसूचना येते. इथे कान टवकारायचे. मूळ प्रस्ताव पानभर असतो, पण दर कुणाला लागू आणि कधीपासून, हे उपसूचनेतली एक ओळ बदलू शकते. महापौर ‘उपसूचनेसह मंजूर’ म्हणतात, तेव्हा ती ओळ ठरावाचा भाग झालेली असते.

उपविधीचा, म्हणजे महापालिकेनं केलेल्या नियमांचा, रस्ता याहून लांबचा. आयुक्त मसुदा सभेपुढे ठेवतात, तो प्रसिद्ध होतो, नागरिकांच्या हरकती-सूचना मागवल्या जातात आणि शेवटी राज्य शासनाची मंजुरी लागते. माझ्या मते या सगळ्यात मोलाचा टप्पा हरकतींचाच आहे. कर भरणाऱ्या माणसाला नियम होण्याआधी बोलता येतं, ते तिथेच.

सभागृह नसलं की काय होतं, ते पिंपरी-चिंचवड शहरानं पाहिलंय. नगरसेवकांची मुदत 13 मार्च 2022 ला संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. प्रस्ताव आयुक्तांचा, मंजुरीही त्यांचीच. पुढे जानेवारी 2026 मध्ये निवडणूक होईपर्यंत हेच चाललं. त्याच काळात, 2023 मध्ये, मिळकतकराच्या बिलात कचऱ्याचं उपयोगकर्ता शुल्क आलं. घरटी दरमहा 60 रुपये, म्हणजे वर्षाला 720. आधार होता 2019 च्या घनकचरा उपविधींचा.

निगडी प्राधिकरणात आमच्या जिन्यात शेजारचे काका बिल उलगडून त्या रकान्यावर बोट ठेवून उभे होते. “हे कुठल्या सभेत ठरलं हो?” रक्कम त्यांना जड नव्हती. आपल्या वॉर्डातलं कुणी यावर उठून बोललं का, एवढंच त्यांना हवं होतं. बोलायला सभागृहात कुणी नव्हतंच. विरोध रस्त्यावर झाला, आमदारांपर्यंत गेला आणि राज्य शासनानं वसुलीला स्थगिती दिली. महापालिकेत वाद घालून मिटवायची गोष्ट मंत्रालयापर्यंत जावी लागली, याचं मला फार वाईट वाटतं. प्रशासक कितीही कार्यक्षम असो, भर सभेत त्याला ‘का?’ विचारणारं कुणीतरी हवंच.

आता सभागृह पुन्हा भरलंय. म्हणून हरकती मागवणारी, वर्तमानपत्रातली बारीक टायपातली जाहीर सूचना वाचायची सवय लावून घ्यायला हवी. हरकत द्यायची ती मुदतीत आणि लेखी. सरसकट ‘विरोध आहे’ लिहून भागत नाही. मसुद्यातलं कलम कोणतं, त्यात काय बदलावं आणि का, हे नेमकं लिहावं. अर्ज आवक विभागात द्यावा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.