पाठीवरचा संसार (भाग ६) : वाळेल तेवढंच घ्यावं

मागच्या भागात सॅकचं माप ठरवलं. आज तिच्यात कपडे किती भरायचे ते पाहू.

चांदूर रेल्वेच्या माणसाला उन्हाबद्दल काही शिकवावं लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला तरी तो डोक्याला दुपट्टा बांधून कामाला निघतो. दुपट्टा ओला केला की कोरडी हवा त्यातलं पाणी ओढून घेते आणि डोकं थंड राहतं. हीच सवय घेऊन जुलैत चिखलदऱ्याला पायी भटकायला गेलं, की फजिती होते. अकराशे मीटरहून उंच त्या पठारावर ढग रस्त्यावर उतरलेले असतात. रात्री दोरीवर टाकलेली जीन्स सकाळी तितकीच ओली, आणि वजनाला कोरडीच्या दुपटीच्या आसपास.

एक लिटर घाम वाळताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाळला तरच. नुसता गळला तर अंगातलं पाणी जातं, उष्णता तशीच राहते. दमट हवेत बाष्प आधीच भरपूर, म्हणून तीस अंशांतही जीव गदमदतो. त्यात पाठीवर ओझं असलं की चढणीला अंग आणखी तापतं. उन्हाळ्यात पाण्याचं ओझं बाटलीत असतं; पावसाळ्यात ते कपड्यांत शिरतं. म्हणून दमट हवेतला हिशेब मुक्काम किती, यावर करू नये. कपडा वाळायला किती वेळ घेतो, यावर करावा.

शेजारच्या तिवसा तालुक्यातल्या कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते. सदाराम महाराजांनी १५९४ मध्ये ती सुरू केली, असं परंपरा सांगते. आषाढीच्या महिनाभराहून आधी निघणारी ही वारी वऱ्हाडातला उन्हाळा आणि पुढचा पावसाळा, दोन्ही अंगावर घेते. दिंडीचं जड सामान ट्रकमध्ये असतं हे खरं. पण वारकऱ्याच्या अंगावरचं सामानही पाहण्यासारखं आहे. धोतर आणि पातळ हे न शिवलेले कपडे. उलगडले की एकेरी कापड होतं, त्यातून वारा आरपार जातो. शिवणी, खिसे, दुहेरी पट्टे यांतच ओल दडून बसते. पावसात डोक्यावरून घेतलेला प्लास्टिकचा कागद पुढून उघडा असतो, म्हणून रेनकोटसारखं आतून घामानं भिजणं कमी होतं.

हे आपल्या सॅकला लावू. शर्ट-पँटचे दोनच जोड घ्या, एक अंगावर आणि एक कोरडा. कापड पातळ पॉलिएस्टरचं बरं: सूत आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा हवेतूनच धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. कोरडा जोड फक्त झोपताना घालायचा. सकाळी तो काढून ओलाच पुन्हा चढवायचा. जिवावर येतं, पण चालू लागलं की अंगाच्या उबेनं तो निम्माअधिक सुकतो. टर्किश टॉवेल घरी, पंचा सोबत. आतले कपडे आणि मोजे मात्र तीन-तीन असू द्या. जांघेत आणि बोटांच्या बेचक्यांत ओल राहिली, की गजकर्ण आणि चिखल्या ठरलेल्या.

सॅकवरचं कव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही आणि घाम तिथूनच आत झिरपतो. म्हणून कोरडा जोड जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड पिळून बांधून ठेवा. छत्री घ्या, सपाट वाटेवर तिच्याखाली हवा खेळते. धो-धो वाऱ्यापावसात मात्र रेनकोटच लागतो.

निघण्याआधी एक परीक्षा घ्या. नेणार तो प्रत्येक कपडा भिजवून, पिळून पंख्याखाली टांगा. चार तासांत न वाळणारा घरीच राहू द्या.

पुढच्या आठवड्यात : पायांत काय घालावं?