बर्फाच्या गावात वणवा!

फेब्रुवारी संपत आला की आमच्या शाळेमागचा डोंगर पिवळाधमक दिसू लागतो. गवत इतकं वाळतं की नुसतं चालत गेलं तरी पायाखाली कुरकुर वाजतं. अशाच एका दुपारी चौथीच्या वर्गात मी भिंतीवरच्या नकाशात उत्तर अमेरिकेतला प्रेअरी हा गवताळ प्रदेश दाखवत होते. म्हटलं, "या दिवसांत तिथं वणव्याची फार भीती असते आणि त्याच आठवड्यात बर्फही पडतो." झालं! मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "बाई, बर्फ पडतो तिथं आग कशी लागेल? विझणार नाही का?"

प्रश्न अगदी रास्त होता. चला तर मग, उत्तर शोधायला टेक्सासला जाऊ.

अमेरिकेच्या मध्यभागी, रॉकी पर्वताच्या पूर्वेला, शेकडो मैल सपाट जमीन पसरली आहे. डोंगर नाही, दाट जंगल नाही. जिकडे पाहावं तिकडे गवत, गुरांची कुरणं आणि शेतं. हिवाळ्यात हे गवत वरून मरतं आणि कागदासारखं वाळतं. नवे हिरवे कोंब फुटायला एप्रिल उजाडतो. म्हणजे थंडी सरत आली, पण हिरवळ अजून आली नाही, असा एक अवघड काळ मध्ये येतो. नेमके त्याच काळात तिथं सोसाट्याचे वारे सुटतात. पश्चिमेकडून येणारा वारा रॉकी पर्वत ओलांडून खाली उतरतो, तेव्हा तो कोरडा आणि उबदार होतो. आईनं दोरीवर घातलेले कपडे वारा असला की कसे चटकन वाळतात? तसंच गवताचं होतं. जाडजूड ओंडका वाळायला कित्येक दिवस लागतात, पण गवताची बारीक काडी तास-दोन तासांत खडखडीत!

26 फेब्रुवारी 2024 रोजी टेक्सासच्या उत्तर टोकाला, ज्याला तिथले लोक 'पॅनहँडल' म्हणजे तव्याचा दांडा म्हणतात, तिथं असाच दिवस उगवला. हिवाळा असूनही उकडत होतं आणि वारा मोटारीच्या वेगानं धावत होता. त्या वाऱ्यात विजेचा एक जुना, कुजलेला लाकडी खांब कोसळला. ठिणगी गवतात पडली आणि आगीनं पूर्वेकडे धाव घेतली. या वणव्याला पुढे 'स्मोकहाउस क्रीक' हे नाव पडलं.

दुसऱ्या दिवशी, 27 तारखेला उत्तरेकडून थंड हवेची लाट आली. आता आग शमेल असं वाटतं ना? उलटंच झालं. वाऱ्यानं दिशा बदलली! तोपर्यंत आग एका लांबलचक पट्ट्यासारखी पूर्वेकडे सरकत होती. वारा उत्तरेचा झाल्याबरोबर त्या पट्ट्याची सबंध दक्षिण बाजूच पेटून पुढे निघाली. जी आधी आगीची कड होती, तीच आता आगीचं तोंड झाली. म्हणून वणवा विझवणारी माणसं ज्वाळांइतकंच लक्ष वाऱ्याकडे ठेवतात. तिथल्या खेड्यांत हे काम करणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात. एरवी शेती, दुकान, नोकरी सांभाळायची आणि हाक आली की बंब घेऊन धावायचं.

आणि मग 29 फेब्रुवारीला त्याच होरपळलेल्या काळ्या जमिनीवर बर्फ पडला! तीन दिवसांपूर्वी लोकांना घाम फुटत होता आणि आता पांढरा भुगा उडत होता. असं का होतं ठाऊक आहे? आपल्या उत्तरेला हिमालय उभा आहे. तो उत्तरेकडची गार हवा अडवतो. प्रेअरीच्या उत्तरेला असा आडवा बांधच नाही. कॅनडातली गारठलेली हवा थेट खाली घसरत येते. म्हणून तिथं एकाच आठवड्यात उन्हाळा, वणवा आणि हिमवर्षाव असे तिन्ही पाहुणे येऊ शकतात.

बर्फानं आग विझवणाऱ्यांना उसंत मिळाली, पण काम संपलं नाही. बर्फ वितळला, पुन्हा वारा सुटला आणि गवत पुन्हा वाळलं. आग पूर्ण आटोक्यात यायला मार्चचा मध्य उजाडला. तोवर 10 लाख एकरांहून जास्त जमीन जळाली होती. हे क्षेत्र आपल्या अख्ख्या गोव्याहून मोठं! टेक्सासच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा वणवा ठरला. दोन माणसं दगावली, अनेकांची घरं गेली, हजारो गुरं मेली. वाचलेल्या गुरांना चारा उरला नाही, तेव्हा दूरदूरच्या शेतकऱ्यांनी ट्रक भरभरून गवत पाठवलं.

इथं वर्गात आणखी एक हात वर झाला. "बाई, पण आमचे आजोबा म्हणतात, गवत जाळलं की नवं चांगलं येतं."

आजोबांचं म्हणणं प्रेअरीपुरतं बरंचसं खरं आहे. तिथल्या गवताची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात. वरचं जळालं तरी खालचा जीव शाबूत असतो. तिथले मूळ रहिवासी फार पूर्वीपासून ठरवून गवत जाळत. कोवळं गवत आलं की गवे चरायला येत. कॅन्सस राज्यातल्या फ्लिंट हिल्स भागात शेतकरी आजही वसंतात कुरणं जाळतात. पण कशी? वारा मंद असलेला दिवस निवडून, कडेनं पट्टा मोकळा करून, पाणी आणि माणसं जवळ ठेवून. काडी तीच, पण दिवस चुकला तर पिकाऐवजी राख हाती येते.

आपल्या सह्याद्रीचं गणित मात्र निराळं आहे. आपल्याकडे वणव्यानंतर बर्फ पडत नाही. फाल्गुनात डोंगर जळाला तर जूनपर्यंत उघडाबोडका राहतो. मग पहिल्या धुवाधार पावसात उतारावरची माती ओढ्याला वाहून जाते. लावलेली रोपं, जमिनीवर घरटी करणारी पाखरं, सरडे, मध गोळा करणाऱ्या माश्या हे सगळं जातं ते वेगळंच.

हे मी उगीच सांगत नाही. मागच्या वर्षी कुणीतरी लावलेल्या आगीत आमच्या मुलांनी जगवलेली रोपं एका दुपारीत गेली. डब्यातलं उरलेलं पाणी घालून वाढवलेली रोपं ती! मुलं दोन दिवस नीट जेवली नाहीत.

म्हणून यंदा आम्ही नव्या रोपांभोवती जाळरेषा काढली. म्हणजे चार-पाच हात रुंदीचा पट्टा गवत उपटून स्वच्छ केला. आगीला खायला काही मिळालं नाही की ती तिथंच थबकते. कामाला पालक आले होते आणि ते आजोबाही विळा घेऊन आले. दिवसभर राबून जाताना म्हणाले, "बाई, यंदा काडी लावायला कुणी आलंच, तर आधी माझ्याशी गाठ आहे म्हणावं!"

मुलांनो, तुमच्या गावाजवळ डोंगर आहे का? परीक्षेच्या आधीचा एक रविवार काढा आणि मोठ्यांना सोबत घेऊन तो पाहून या. गवत किती वाळलंय, वारा कुठून येतोय, वस्ती कुठल्या बाजूला आहे, हे वहीत लिहा. होळी गावात, मोकळ्या जागेत पेटवा आणि शेजारी पाण्याची बादली ठेवायला विसरू नका. डोंगराला मात्र काडी लावायची नाही, बरं का!