रग्बीच्या सामन्यांस निघण्यापूर्वी

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. राज्य मध्यप्रदेश, घरची भाषा मराठी, बाजार नागपूरचा आणि मैदानावरचा खेळ कबड्डीचा, अशी या मुलखाची ओळख थोडक्यात सांगता येईल. आता कबड्डीबरोबर रग्बी या खेळाचेही आकर्षण तरुणांस वाटू लागले तर त्यात नवल नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपासून सात गड्यांची रग्बी जगाच्या त्या मेळ्यात खेळली जाते, आणि २०२५ च्या जून महिन्यात मुंबईस अंधेरीच्या क्रीडासंकुलात सहा संघांची व्यावसायिक स्पर्धाही भरली. ते सामने पाहून चार मित्रांनी एकत्र यावे, संघ जमवावा आणि नागपूरकडच्या एखाद्या हौशी स्पर्धेत नाव द्यावे, हे अगदी स्वाभाविक होय. अशा मुलांशी, आणि त्यांच्यापेक्षाही अधिक त्यांच्या पालकांशी व संघ घेऊन जाणाऱ्या शिक्षकांशी, आम्हांस आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

येथील माणसाशी या विषयावर बोलताना एक गोष्ट टाळता येत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. मध्यभागी पळसाचे झाड रोवलेले, त्यावर झेंडा, एका तीरावर पांढुर्णा आणि दुसऱ्या तीरावर सावरगाव. दिवसभर दगड चालतात. दरवर्षी माणसे शेकड्यांनी जखमी होतात, आणि आजवर कित्येकांनी प्राणही गमावले आहेत. या प्रथेचा इतिहास सांगण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु तिने एक समजूत आपल्या मनात खोल रुजविली आहे, ती अशी की, रक्त आले तरी जो मागे हटत नाही तो मर्द. ही समजूत घेऊन जो मुलगा रग्बीच्या मैदानावर उतरेल तो स्वतःस व दुसऱ्यास धोक्यात घालील. रग्बी हा अंगावर जाण्याचा खेळ आहे हे खरे. पण अंगावर कसे जावे, कोठे धरावे आणि केव्हा सोडावे, याचे नियम त्यात फार काटेकोर आहेत.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. हौशी स्पर्धा बहुधा सात गड्यांच्या असतात. मैदानावर सात आणि राखीव पाच, म्हणजे बरोबर कबड्डीचाच हिशेब. सात मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये दोन मिनिटांची विश्रांती. मैदान मात्र पूर्ण आकाराचे, म्हणजे जवळजवळ १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. तो मागे किंवा बाजूसच द्यावा लागतो. प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीस टेकविला की ‘ट्राय’, त्याचे गुण ५. त्यानंतरची लाथ खांबांच्या मधून गेली तर आणखी २. चौदा मिनिटांचा खेळ म्हणून कोणी हसू नये. एवढ्या मैदानात सातच माणसे धावावयाची असल्यामुळे दुसऱ्या डावाच्या मध्यास चांगल्या चांगल्यांचे पाय लटपटू लागतात, आणि असे सामने एका दिवसात तीन किंवा चारही खेळावे लागतात.

कबड्डी खेळलेल्या मुलास या खेळात मोठा लाभ आहे. अंगावर येणाऱ्याची त्यास भीती नसते, खाली वाकून धरण्याची सवय असते, क्षणात दिशा बदलता येते. पण त्याच्याच काही सवयी येथे घातक ठरतात, आणि आमच्या मते स्पर्धेपूर्वीचे निम्मे काम त्या मोडण्याचे आहे.

कबड्डीत चढाईपटूस पकडल्यावर पंचाची शिटी होईपर्यंत त्यास सोडावयाचे नसते. पाच-सहा जणांनी मिळून त्यास दाबून धरणे हेच तेथे कौशल्य. रग्बीत याच्या उलट आहे. गडी जमिनीवर आला की पकडणाऱ्याने त्यास तत्क्षणी सोडले पाहिजे आणि पडलेल्यानेही चेंडू सोडला पाहिजे. न सोडणारा दंडास पात्र होतो. कबड्डीत उचलून आपटणे कौतुकाने पाहिले जाते. रग्बीत ज्याचे पाय जमिनीवरून उचलले त्यास डोक्यावर किंवा मानेवर पाडले, तर पंच लाल पत्र दाखवून बाहेर काढतात, आणि ते योग्यच आहे. खांद्याच्या रेषेवर धरणे वर्ज्य. हातांनी न कवटाळता नुसता खांदा हाणणे वर्ज्य. ज्याच्याजवळ चेंडू नाही त्यास हात लावणे वर्ज्य, आणि चेंडू झेलण्यासाठी जो हवेत उडाला आहे त्यास पाय टेकेपर्यंत स्पर्शही करावयाचा नाही. पिवळे पत्र मिळाले तर गड्यास दोन मिनिटे बाहेर बसावे लागते. सात मिनिटांच्या डावात दोन मिनिटे सहा जणांनी खेळणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

सर्वांत जपण्याची सवय चवड्यावर झेप घेण्याची. कबड्डीत कोपऱ्यावरचा गडी घोट्यावर पडतो तेव्हा चढाईपटू बहुधा थांबलेला किंवा वळलेला असतो. रग्बीत समोरचा पूर्ण वेगाने येत असतो. त्याच्या गुडघ्यासमोर आपले डोके आले तर मार धरणाऱ्यालाच बसतो. रग्बीतील डोक्याच्या दुखापतींपैकी बहुसंख्य पकडीच्या वेळी होतात आणि त्यांत पकडणाऱ्यांचाच भरणा अधिक असतो, असे या खेळाच्या अभ्यासकांस आढळले आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट घोटवून घ्यावी : नजर वर, पाठ सरळ, खांदा त्याच्या मांडीस, हात घट्ट कवटाळलेले, आणि डोके नेहमी त्याच्या शरीराच्या मागच्या अंगास. आरंभी गुडघ्यांवर बसून, मग चालत, मग सावकाश धावत असा सराव मऊ जमिनीवर काही आठवडे तरी व्हावा. लहान मुलांना तर धरपकडीचा खेळ देऊच नये. कमरेला फडके खोचून ते ओढून घेण्याचा जो प्रकार आहे तोच त्यांस पुरेसा आहे. तीन-तीन गड्यांनी वाकून एकमेकांस रेटण्याचा ‘स्क्रम’ हा प्रकारही शिकल्यावाचून करू नये. मानेचा प्रश्न असतो. आपल्याकडे शिकलेले तीन गडी नसतील तर सामन्यापूर्वीच पंचांस तसे सांगावे. मग स्क्रम रेटल्यावाचून लावता येतो. त्यात कमीपणा मुळीच नाही.

आता डोक्याच्या दुखापतीविषयी. पुष्कळांस वाटते की, शुद्ध हरपली तरच मेंदूस मार लागला. ही समजूत चुकीची आहे. शुद्ध न हरपताही मेंदूस धक्का बसतो. मुलगा गोंधळल्यासारखा उभा राहतो, तोल जातो, डोळ्यांपुढे अंधारी येते, मळमळते, डोके दुखते, आत्ता कोणी ट्राय केला हे त्यास आठवत नाही, किंवा तो उगाच चिडतो अथवा रडतो. यांपैकी एक जरी खूण दिसली तरी त्यास त्याच क्षणी बाहेर काढावे, आणि त्या दिवशी पुन्हा उतरवू नये. “मी ठीक आहे” हे त्याचे म्हणणे ऐकू नये. ज्या मेंदूस मार बसला आहे तोच ते सांगत असतो. दूरचित्रवाणीवर मोठे खेळाडू तपासणीसाठी बाहेर जातात आणि काही मिनिटांनी परत येतात, ते पाहून आपणही तसे करू असे कोणी म्हणेल. ती सोय प्रशिक्षित वैद्य हजर असलेल्या व्यावसायिक सामन्यांपुरती आहे. हौशी खेळासाठी जागतिक रग्बी संघटनेचा दंडक असा की, संशय आला की काढा. आणि २०२३ पासून तिने सांगितले आहे की, असा गडी निदान २१ दिवस तरी सामन्यात परत येऊ नये, तोही क्रमाक्रमाने सराव वाढवून.

पहिल्या रात्री त्याच्याजवळ जाणते माणूस असावे. त्याने मोटारसायकल चालवू नये. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झापड, आकडी, हातापायांत अशक्तपणा यांपैकी काही दिसले तर इस्पितळ गाठण्यास एक मिनिटाचाही विलंब लावू नये. मान दुखते असे जो म्हणेल त्यास उठवू नये, हलवू नये. मदत येईपर्यंत डोके जसे आहे तसेच स्थिर धरावे. नागपूरहून पांढुर्णा किंवा सौंसर गाठावयास दोनएक तास तरी लागतात, आणि स्पर्धा संपेपर्यंत रात्र पडते. डोक्यास मार लागलेल्या मुलास तसेच गाडीत घालून घरी आणण्यापूर्वी तेथील वैद्यास दाखविलेच पाहिजे. म्हणून निघण्यापूर्वी संयोजकांस हा प्रश्न विचारावा : मैदानावर वैद्य कोण, रुग्णवाहिका आहे काय, जवळचे इस्पितळ कोणते? उत्तर मिळत नसेल तर त्या स्पर्धेस न गेलेले बरे, असे आमचे स्पष्ट मत आहे. बक्षीस किती हे विचारणारे संघ आम्ही पुष्कळ पाहिले. रुग्णवाहिका आहे काय असे विचारणारे थोडेच.

साहित्याची यादी लांब नाही. तळाशी खुंट्या असलेले बूट लागतात. त्या खुंट्यांस धार नसावी, आणि पंच सामन्यापूर्वी त्या तपासतात. दातांचे संरक्षक कवच प्रत्येकाने आपापले घ्यावे. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसविण्याचा साधा प्रकार कोणत्याही मोठ्या गावी मिळतो. डोक्यावर बांधावयाची मऊ टोपी कानाचे व कातडीचे रक्षण करते, मेंदूचे नाही. ती घातली म्हणून कोणी अधिक धाडस करू नये. नखे कापलेली असावीत. अंगठी, कडे, कानातले, गळ्यातील साखळी व पदकसुद्धा काढून ठेवावे लागते. आपल्या काही मुलांच्या गळ्यात असे काही ना काही असते. ते आईजवळ किंवा शिक्षकांजवळ सोपवावे. चिकटपट्टीने झाकून ते आत ठेवण्याचा प्रयत्न पंच चालू देत नाहीत.

कागदपत्रांची एक अडचण या सीमेवरच्या मुलखाचीच आहे. नागपूर आपणांस जवळचे असले तरी ते दुसऱ्या राज्यात आहे. निमंत्रितांची हौशी स्पर्धा असेल तर कोठल्याही गावचा संघ जाऊ शकतो; पण ती महाराष्ट्राच्या राज्यनिवडीची असेल तर आपली जागा मध्यप्रदेशाच्या संघटनेकडे आहे. हे आधीच पत्राने विचारून घ्यावे. वयाचा दाखला, आधारपत्र, पालकांची लेखी संमती आणि विम्याचा कागद एका पिशवीत असावे. वयाच्या बाबतीत लबाडी तर अजिबात नको. कबड्डीच्या वजनगटात दोन किलो लपविणारे महाभाग आपल्या परिचयाचे आहेत; रग्बीत सोळा वर्षांच्या मुलांपुढे एकवीस वर्षांचा गडी उभा करणे हा निव्वळ खोटेपणा नव्हे, ती कोणाच्या तरी मुलाच्या मानेशी केलेली खेळी आहे.

मुलींच्या संघाविषयी पालकांच्या मनात शंका असतात. भारताच्या स्त्रियांनी २०१९ साली मनिला येथे सिंगापूरचा पराभव करून पंधरा गड्यांच्या रग्बीतील आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळविला, हे त्यांस सांगावे. मात्र संघाबरोबर एक जाणती स्त्री असलीच पाहिजे, आणि कपडे बदलण्याची वेगळी, बंद जागा आहे याची खात्री निघण्यापूर्वीच करावी.

खाण्यापिण्यात आपला जिल्हा भाग्यवान आहे. इंग्लंडात रग्बीच्या मध्यंतरास संत्र्याच्या फोडी वाटण्याची जुनी रीत आहे. आपल्या मुलांना ती संत्री घरच्या बागेतून नेता येतील. आंबिया बहाराची फळे ऐन हिवाळ्यातील स्पर्धांच्या दिवसांत हाती येतात. सामन्यापूर्वी तीन तास पोटभर खावे, दोन सामन्यांमध्ये केळे, चार घास पोहे, संत्रे एवढेच. तर्रीचा मोह संध्याकाळपर्यंत आवरावा. पाण्यासाठी एक लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे मिश्रण कोणत्याही रंगीत बाटलीइतकेच उपयोगी आहे. मार्चनंतरच्या दुपारच्या स्पर्धांस नाव देऊ नये. आपल्याकडचे ऊन आपणांस ठाऊक आहे.

मैदानावरील रीतिभातीत एक गोष्ट आपल्या मुलांना प्रथम अवघड वाटेल. पंचांशी फक्त कर्णधाराने बोलावयाचे, तेही आदराने. इतरांनी ब्रही काढावयाचा नाही, आणि बाहेरून शिक्षकांनी ओरडावयाचे नाही. निकाल चुकला असे वाटले तरी खेळ पुढे चालतो. सामना संपल्यावर दोन्ही संघ समोरासमोर रांगा करून हस्तांदोलन करतात, आणि पुष्कळ ठिकाणी यजमान पाहुण्यांस जेवू घालतात. हरलेल्या संघाने त्या पंगतीस न बसता गाडी गाठणे असभ्य समजले जाते. परतीची गाडी ठरविताना हा तास धरावा.

हा खेळ आपल्या देशास परका नाही. १८७२ च्या नाताळच्या दिवशी कलकत्त्यास इंग्रजांचा एक संघ स्कॉटिश, आयरिश व वेल्श लोकांच्या संघाशी रग्बी खेळला. त्यातून तेथे क्लब निघाला. पुढे तो मोडला तेव्हा सभासदांनी शिलकीतील रुपये वितळवून चांदीचा पेला घडविला. त्याचे तीन कान नागाचे आणि झाकणावर हत्ती. ‘कलकत्ता कप’ म्हणून तो प्रसिद्ध आहे, आणि १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड त्यासाठी खेळत आले आहेत. गाडीच्या प्रवासात मुलांना सांगावयास ही गोष्ट बरी.

शेवटी संघप्रमुखाच्या पिशवीविषयी. बर्फाची थैली, पट्ट्या, कात्री, स्वच्छ पाणी, प्रत्येक पालकाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद, आणि एक छोटी वही. त्या वहीत प्रत्येक सामन्यानंतर कोणास कोठे लागले ते वेळेसह लिहावे, आणि परतल्यावर ते त्याच्या घरी तोंडी सांगावे. मुलगा स्वतः सांगत नाही, असा अनुभव आहे. पुढच्या सरावास त्यास घ्यावयाचे की नाही, हे ती वही उघडून ठरवावे.