उदासीनकारक प्रतिपिंडे व एचआयव्ही संसर्ग

जी प्रतिपिंडे व्हायरसाच्या पृष्ठभागाला चिकटून त्याला कोशिकेत शिरू देत नाहीत, त्यांना ‘उदासीनकारक प्रतिपिंडे’ म्हणतात. गोवरातून बऱ्या झालेल्या व्यक्तीत ती दीर्घकाळ टिकतात व पुन्हा तो रोग होऊ देत नाहीत. एचआयव्हीच्या बाबतीत हा नियम लागू पडत नाही. एलायझा चाचणीत प्रतिपिंडे आढळल्यास (व नंतरच्या चाचण्यांनी त्यास पुष्टी मिळाल्यास) व्यक्ती सुरक्षित आहे असे नव्हे, तर तिला संसर्ग झाला आहे असे ठरते. १८ महिन्यांखालील अर्भकात मात्र ती मातेकडून आलेली असू शकतात. हा विरोधाभास रुग्णाला समजावून सांगणे वैद्यांना नेहमीच सोपे जात नाही.

व्हायरसाच्या आवरणावर जीपी १२० व जीपी ४१ या ग्लायकोप्रथिनांचे मोजकेच खुंट असतात. जीपी १२० प्रथम साहाय्यक टी-लसीका कोशिकेवरील सीडी ४ या ग्राहीस व नंतर एका सहग्राहीस जोडले जाते. जीपी ४१ मुळे दोहोंची पटले एकरूप होतात. जीपी १२० च्या वजनाचा सुमारे निम्मा भाग शर्करांचा असतो. या शर्करा आश्रयीच्याच कोशिकेने जोडलेल्या असल्याने प्रतिरक्षा यंत्रणेला त्या परक्या वाटत नाहीत व त्यांखालील मर्मस्थाने झाकलेली राहतात.

संसर्गानंतर काही आठवड्यांत निर्माण होणारी प्रतिपिंडे व्हायरसाला चिकटतात; पण त्याला निष्प्रभ करीत नाहीत. उदासीनकारक प्रतिपिंडे काही महिन्यांनी येतात. तोवर व्युत्क्रमी प्रतिलेखन करणाऱ्या एंझाइमाच्या चुकांमुळे व्हायरसात उत्परिवर्तने होत राहतात व निसटू शकणारे प्रकार टिकतात. परिणामी रुग्णाच्या आजच्या रक्तरसाने त्याचाच काही महिन्यांपूर्वीचा व्हायरस निष्प्रभ होतो, आजचा होत नाही. काही थोड्या रुग्णांत दोन-चार वर्षांनी अनेक प्रकारांवर चालणारी व्यापक प्रतिपिंडे तयार होतात. परंतु त्यांच्या स्वतःच्या शरीरातील व्हायरस तोपर्यंत पुढे गेलेला असतो. उपचारांअभावी संसर्गापासून एड्सपर्यंतचा काळ सरासरी सुमारे १० वर्षांचा असतो.

भारतात हा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये चेन्नई (तेव्हाचे मद्रास) येथे आढळला. येथे ‘सी’ उपप्रकार प्रमुख आहे. पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत (स्थापना १९९२) २००५ मध्ये या उपप्रकारावर आधारित लसीची मानवी चाचणी सुरू झाली. लस निर्धोक ठरली, पण प्रतिसाद अपुरा आढळला. तीत आवरणाचे प्रथिन नव्हतेच. त्यामुळे उदासीनकारक प्रतिपिंडांची अपेक्षा तिच्याकडून करणे योग्य नव्हते, हे पुष्कळदा विसरले जाते.

व्हीआरसी ०१ या व्यापक प्रतिपिंडाचे वर्णन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ते शिरेवाटे देऊन केलेल्या चाचण्यांत (निष्कर्ष २०२१) एकूण संसर्ग लक्षणीय घटला नाही. मात्र त्याला संवेदनशील असलेल्या व्हायरसांपासून सुमारे ७५ टक्के संरक्षण मिळाले. त्यामुळे निरनिराळ्या मर्मस्थानांवर काम करणारी प्रतिपिंडे एकत्र देण्याकडे संशोधकांचा कल आहे. उपचारात मात्र भिस्त औषधांवरच असून भारतात ती शासनातर्फे १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य दिली जातात.