नियमांची वही शिळी झाली तर?

पायथॉन आपल्यापैकी बऱ्याच जणांना येते. पण चौघे मिळून एकच प्रोग्राम लिहायला बसले की प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. म्हणून टीम नियम लिहून ठेवते: नावं कशी द्यायची, ओळ किती लांब ठेवायची वगैरे. पुढे सीनियर पास आऊट होतात, नियमांची फाईल मागे राहते आणि तिला कोणी हात लावत नाही. खरा घोळ तिथेच!

समजा, मेसची ४५ कुपनं आहेत आणि १० चा एक गठ्ठा करायचा आहे. पायथॉन २ मध्ये भागाकाराला एक तिरकी रेघ दिली की उत्तर ४ यायचे. २००८ साली आलेल्या पायथॉन ३ मध्ये तेच ४.५ येते, पूर्ण गठ्ठे हवेत तर दोन तिरक्या रेघा द्याव्या लागतात. जुन्या फाईलीत ‘एकच रेघ’ असा नियम असला, तर फर्स्ट इयरचा मुलगा तो इमानदारीत पाळणार आणि प्रोग्राम बिनतक्रार साडेचार गठ्ठे छापणार. एरर नाही, काही नाही. पायथॉन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, फाईलला पत्ताच नाही.

पायथॉनची स्वतःची नियमावली म्हणजे पेप ८, २००१ सालची. तीही बदलते. ओळ ७९ अक्षरांची हा तिचा नियम. पण टीमचं एकमत असेल तर ९९ पर्यंत चालेल, अशी सवलत २०१३ मध्ये आली. मी पाचगणीला कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मराठी शुद्धलेखनाचे नियम मला जरा उशिराच भेटले. तिथेही तेच! साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ चे, आणखी ४ आले १९७२ मध्ये. म्हणून आधीची पुस्तकं कोणी रद्दीत घातली नाहीत. नियमासाठी चालता कोड मोडू नका, असं पेप ८ सुद्धा बजावते.

माझ्या मते प्रत्येक नियमापुढे त्याचं कारण आणि पायथॉनची आवृत्ती लिहावी. याद्यांचे प्रकार लिहायला ‘टायपिंग’ मॉड्यूल लागायचं, ती गरज २०२० च्या ३.९ मध्ये संपली. कारण लिहिलेलं असलं की असा नियम बेधडक खोडता येतो. स्पेस आणि अवतरणचिन्हांवरून तर भांडूच नये, ते काम ब्लॅक किंवा रफला द्यावं.

आणि हे करायचं कधी? पायथॉनची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरात येते, तेव्हाच. आमच्या पाचगणी-महाबळेश्वरकडे पावसाआधी भिंतींना गवताच्या झड्या बांधतात, गेल्या वर्षीची झड पुरेल असं कोणी म्हणत नाही. फाईल कोडच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि पहिलं वाचन टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाला द्या. जुन्यांना ती पाठ असते, ते वाचतच नाहीत.